घरचे सगळे माळकरी आणि मी देव मानत नाही. आदर राखून त्यांच्याशी कसं बोलू?

तुम्ही १९ वर्षांचे आहात, चुलते यंदा दिंडीत चल म्हणतायत आणि त्यांना न दुखावता 'मी देव मानत नाही' हे सांगायचंय, असं तुम्ही लिहिलंय. न दुखावता ते सांगता येत नाही. त्यांचं सगळं आयुष्य ज्यावर उभं आहे त्यालाच तुम्ही नाही म्हणताय, तर ते दुखावणारच. त्यांचा अपमान होऊ न देणं मात्र तुमच्या हातात आहे.

मी २६ वर्षांची आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आमचं गाव. आजी माळकरी, कार्तिकीला आळंदी कधी चुकवली नाही. तिला अक्षरओळख नव्हती, पण हरिपाठ तोंडपाठ. शेवटच्या दोन वर्षांत मात्र म्हणता म्हणता तिचा चरण सुटायचा. मी पुण्याहून शनिवारी घरी आले की पुस्तक घेऊन शेजारी बसायचे आणि ती अडली की पुढचा शब्द सांगायचे.

देव नाही हे मी घरात सगळ्यात आधी तिलाच सांगितलं होतं, सतराव्या वर्षी. ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. ती म्हणाली, "मग ह्ये समदं कुणी केलं?" मी म्हटलं, माहीत नाही. "म्हाईत न्हाई, तर मग न्हाई कशाला म्हंतीस?" मी म्हटलं, माहीत नाही म्हणून विठ्ठलानं केलं असं तरी कसं म्हणू? तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग सुपातल्या शेंगा माझ्याकडे सारल्या. ना रडारड, ना शपथा. त्यानंतर आम्ही या विषयावर कितीतरी वेळा बोललो आणि दोघींनी एकमेकींना काहीही विचारलं.

एकदा तिनं विचारलं, "मग मी मेल्याव कुठं जाईन?" मी खरं तेच सांगितलं. कुठं नाही आजी, राख होईल, ती घोडेत सोडतील. ती म्हणाली, "घोडीचं पानी कुठं जातं?" भीमेला. "आन् भीमा?" उजनीच्या धरणात, आणि तिथून पुढं पंढरपूरला. "म्हंजी तुझ्या हिशेबानंबी मी चंद्रभागेलाच चालले की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला माझं पटलं नव्हतं, मला तिचं पटलं नव्हतं, पण माझं उत्तर तिनं नीट ऐकून घेतलं होतं. मी आदर म्हणते तो याला.

ती गेली २०२२ मध्ये. दशक्रियेला घाटावर चारेकशे माणसं होती, पत्र्याच्या शेडमध्ये महाराजांचं प्रवचन, त्याला दोन मोठे कर्णे. पिंड ठेवले, सगळे मागं सरले. कावळा शिवेना. अर्धा तास झाला. चुलते पुढं होऊन म्हणाले, आई, बांधाचं भांडण मिटवतो. नाही. दुसरे म्हणाले, आळंदीची वारी आम्ही चालू ठेवू. नाही. मग आत्यानं माझा दंड धरून मला पुढं आणलं. म्हणाली, "तिचा जीव या पोरीत अडकलाय. म्हण, आजी, मी देव मानीन."

मी हात जोडले आणि म्हटलं, आजी, तुझा हरिपाठ मी वाचत राहीन. आत्या म्हणाली, "हरिपाठ नको. देव मानीन म्हण." मी म्हटलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या ताणात माझ्या तोंडून गेलं की एवढे कर्णे चालू असताना कावळा येईलच कसा. ते खरं होतं, पण तिथं बोलायचं नव्हतं. दहा दिवसांपूर्वी आई गेलेल्या बाईला मी कर्ण्याचं कारण ऐकवत होते. त्या एका वाक्याची मला आजही खंत आहे. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं जेवायला गेली.

आत्या दीड वर्ष माझ्याशी बोलली नाही. सगळ्यांना सांगत राहिली की तिला आदर असता तर दोन शब्द बोलली असती. तुमचा प्रश्न वाचून मी लिहायला बसले ते यासाठीच.

आत्या म्हणते ते खरं धरू. आजीचा आत्मा तिथं होता आणि ऐकत होता. मग ज्या बाईशी मी या बाबतीत आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाही, तिच्या तोंडावर तिच्या शेवटच्या कार्याला खोटं बोलायचं? आणि मी म्हणते ते खरं धरलं, तर आजी ऐकत नव्हती, म्हणजे ते खोटं चारशे माणसांसाठी झालं असतं. कसंही धरा, त्या दोन शब्दांत आजीचा आदर कुठंच नव्हता.

उलट्या बाजूचाही त्रास होतो, त्याचीही तयारी ठेवा. कॉलेजच्या अभ्यासगटातल्या एका मित्रानं मला विचारलं, तू पिंडासमोर हात जोडून उभीच कशाला राहिलीस, आणि हरिपाठ वाचणारी कसली नास्तिक? त्याच्या लेखी नास्तिक म्हणजे घरच्यांची टिंगल करून दाखवणारा. मला हे साफ चुकीचं वाटतं. गोरा म्हणजे गोपाराजू रामचंद्र राव, १९४० साली नास्तिक केंद्र काढणारा आंध्रातला कार्यकर्ता, १९४४ मध्ये सेवाग्रामला जाऊन गांधींशी देवावरच बोलला. रोज प्रार्थना चालणाऱ्या आश्रमात. त्यामुळे तो काही कमी नास्तिक झाला नाही. गांधींनीही त्याला 'आधी मान, मग बोलू' म्हटलं नाही. गोराच्या मुलीचं आंतरजातीय लग्न सेवाग्रामला लावायचं ठरलं, तेव्हा विधीत देवाच्या जागी सत्य म्हणायला गांधी तयार झाले. लग्न झालं १९४८ मध्ये, गांधींच्या हत्येनंतर. श्रद्धावान माणसानं समोरच्याला खोटं बोलावं लागू नये म्हणून स्वतःचा शब्द बदलला. आत्याला मी हे सांगितलंय. ती म्हणाली, "गांधींची गोष्ट वेगळी." वेगळी का, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

आपल्याकडचंच बघायचं तर अभिनेते डॉ. श्रीराम लागू आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर 'विवेकजागराचा वाद-संवाद' घेऊन गावोगाव फिरले. लागू देव ही कल्पनाच नाकारायचे. दाभोलकर म्हणायचे, समितीचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. एकाच स्टेजवरून दोघं लोकांसमोर आपापलं मांडायचे. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या तेव्हा मी नववीत होते. आजीनं बातमी ऐकली आणि म्हणाली, "बोलनाऱ्या मानसाला मारत्यात व्हय?"

तुम्हाला एकटं वाटतं असंही तुम्ही लिहिलंय. २०११ च्या जनगणनेत देशभरात जेमतेम ३३ हजार लोकांची नोंद नास्तिक अशी आहे. या आकड्यानं घाबरू नका. घरी येणाऱ्या प्रगणकाला माहिती बहुधा घरचा कर्ता माणूसच सांगतो. तेव्हा मी बारा वर्षांची होते, वडिलांनी माझ्यापुढं हिंदूच सांगितलं असणार.

दिंडीचं म्हणाल तर जा, मन होत असेल तर. चालायला, पाणी वाटायला, राहुट्या ठोकायला काही मानावं लागत नाही. पण कुणी माळ घाल म्हणालं तर घालू नका. माळेबरोबर वारीचा आणि खाण्यापिण्याचा नेम येतो, आणि तो नेम पाळणाऱ्यांच्या गळ्यातली वस्तू नुसती समजूत काढायला गळ्यात घालणं हा त्यांचा अपमान आहे.

हे सगळं झालं श्रद्धेबद्दल. साप चावलेल्या माणसाला घेऊन कुणी भगताकडे निघालं असेल तर तिथं संवाद वगैरे काही नाही, सरळ गाडी काढायची आणि सरकारी दवाखाना गाठायचा. अशा वेळी उपचार रोखून मंत्र घालणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. तुमची फी घरचे भरत असतील, किंवा सांगितल्यावर मार पडेल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर आत्ता गप्प राहा. नव्या सुनेलाही मी हेच सांगेन. मला बोलता आलं कारण समोर आजी होती आणि वडिलांनी मला कधी अडवलं नाही. सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही.

गेल्या आषाढात आत्या आमच्याकडे चार दिवस राहिली. संध्याकाळी मी नेहमीसारखी पुस्तक न बघता हरिपाठ म्हणायला बसले आणि चौथ्या अभंगात अडले. ती उंबऱ्यात पाठ करून तांदूळ निवडत होती. पुढचा चरण तिनं तिथूनच सांगितला. जेवताना म्हणाली, "तरी त्या दिवशी तू म्हणायला पाहिजे होतंस."

मी म्हटलं, नाही आत्या. आमचं अजून तिथंच आहे.