सपाट पायडल, मुरूम आणि पडणे : वाचकांचे प्रश्न

माळावर सायकल शिकणाऱ्यांची पत्रे या वेळी बरीच आली. त्यातल्या पुष्कळ अडचणींचे मूळ एकच निघते : शरीराचा भार पायांऐवजी हातांवर जातो. त्यामुळे काही उत्तरांत तोच मुद्दा पुन्हा येईल.

प्रश्न : नवीन हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) घेतली आहे. विजापूर रोडच्या पलीकडे माळावर चालवतो. दगडांच्या उतारावर पाय पायडलवरून निसटतो. दोनदा पायडल गर्रकन फिरून नडगीवर बसले. मित्र म्हणतो, बूट अडकवणारे क्लिपचे पायडल लाव, पाय सुटणारच नाही. लावू का?
— जुळे सोलापूर

उत्तर : सध्या लावू नका. क्लिपमुळे पाय निसटायचा थांबेल, पण तो का निसटतो हे तुम्हाला कधीच कळणार नाही. शिवाय तोल गेल्यावर पाय सोडवायला घोटा बाहेर वळवावा लागतो. ती सवय अंगात भिनेपर्यंत माणूस जागच्या जागी आडवा होतो. शिकण्याच्या काळात पाय क्षणात जमिनीवर टेकता येणे फार मोलाचे आहे.

चाक दगडावरून खाली उतरते तेव्हा पायडल पायाखालून झटकन खाली जाते. त्या वेळी टाच वर आणि बोटे खाली असतील तर तळवा पायडलवरून पुढे सरकतो. टाच खाली असेल तर पाय पायडलला पुढे-खाली रेटून धरतो आणि धक्का घोट्यात व गुडघ्यात जिरतो. म्हणून खडबडीत जागा आली की सीटवरून उठा, दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवा, गुडघे आणि कोपरे थोडी वाकवा, टाचा खाली सोडा. बरोबर उभे आहात का, याची एक खूण आहे. सपाट जागी याच पवित्र्यात हँडलवरची बोटे सैल सोडून बघा. तोल न जाता सुटली तर भार पायांवर आहे. पुढे कोलमडायला झाले तर तो हातांवर आहे. ब्रेक दाबण्याच्या आधी टाचा आणखी खाली गेल्या पाहिजेत, कारण ब्रेकसरशी अंग पुढे फेकले जाते आणि ते पायांनीच थोपवायचे असते.

पाय कुठे ठेवायचा? अंगठ्याच्या मुळाशी जो फुगीर भाग आहे, तो पायडलच्या दांड्याच्या थोडा पुढे यावा, साधारण एक ते दीड सेंटीमीटर. नुसत्या बोटांवर उभे राहिलात तर पोटऱ्या लवकर थकतात आणि टाच खाली जातच नाही.

आता सामान. नव्या सायकलीला बहुतेक वेळा गुळगुळीत प्लॅस्टिकचे पायडल येतात, ते आधी बदला. साधारण १०० मिमी लांब-रुंद, प्रत्येक बाजूला आठ-दहा धातूच्या पिना असलेले पायडल घ्या. पिना बदलता येणाऱ्या असाव्यात, दगडावर आपटून त्या वाकतात आणि तुटतात. अंग अ‍ॅल्युमिनियमचे घ्या किंवा नायलॉनचे. आमच्या मते शिकणाऱ्याला नायलॉन बरे : स्वस्त असते आणि दगडाला घासले तर अडकण्याऐवजी सरकते. बूट सपाट, मऊ रबरी तळाचे हवेत. पळण्याच्या बुटांचा जाड फोमचा तळ नको. तो पायडलवर डुलतो आणि पायाला काही कळू देत नाही. चप्पल किंवा सँडल घालून पिनांच्या पायडलवर मुळीच बसू नका. नडगीला शिनगार्ड बांधा, पिनेची जखम खोल असते.

सीट नेहमीपेक्षा पाच ते आठ सेंटीमीटर खाली करा. उंच सीट उतारावर मागून ढकलते आणि पाय टेकायच्या वेळी आडवी येते.

प्रश्न : नवे पायडल आणले, पण जुने डावे पायडल काही केल्या सुटत नाही. पाना घसरून हाताची कातडी निघाली.
— बार्शी

उत्तर : डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तुम्ही ते सोडवत नसून आणखी आवळत असाल. लक्षात ठेवायला सोपे म्हणजे, पान्याचा दांडा वरच्या बाजूला उभा धरा. मागच्या चाकाकडे ओढला की सुटते, पुढच्या चाकाकडे ढकलला की बसते, दोन्ही बाजूंना हेच. त्याआधी चेन पुढच्या मोठ्या चक्रावर घ्या, म्हणजे हात घसरला तरी दात्यांवर आपटणार नाही. बहुतेक पायडलना १५ मिमीचा बारीक जाडीचा पाना लागतो, काहींना आतल्या बाजूने ६ किंवा ८ मिमीची एलन की. फार गंजले असेल तर आट्यांत तेल सोडून रात्रभर ठेवा.

नवे बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार वेढे हातानेच द्या. हाताने फिरत नसेल तर आटे तिरपे बसत आहेत. पान्याने रेटलेत तर अ‍ॅल्युमिनियम क्रँकचे (पायडल ज्यात बसते त्या दांड्याचे) आटे जातील आणि क्रँकच बदलावी लागेल. एल आणि आर ही अक्षरे पायडलच्या दांड्यावर कोरलेली असतात, ती आधी बघा. मोठ्या सायकलींचे माप ९/१६ इंच असते. लहान मुलांच्या आणि काही स्वस्त सायकलींचे १/२ इंच, ते यात बसत नाही.

प्रश्न : सरळ उतार जमतो, पण वळणावर पुढचे चाक अचानक निसटते आणि मी त्याच बाजूला पडतो. सावरायला वेळच मिळत नाही.
— अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : आपल्याकडच्या माळावर खाली कडक थर आणि वर सुटा मुरूम असतो. टायरखाली ज्वारीचे दाणे पसरल्यासारखीच ती स्थिती. अशा जागी पुढच्या चाकाला एका वेळी एकच काम झेपते, ब्रेकचे किंवा वळण्याचे. दोन्ही सांगितलीत की ते सुटते, आणि पुढचे चाक सुटल्यावर सावरणे जवळजवळ अशक्य असते.

म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ रेषेत कमी करा आणि वळताना पुढचा ब्रेक पूर्ण सोडा. बाहेरच्या बाजूचे पायडल खाली घ्या आणि त्यावर जोर देऊन उभे राहा. डावीकडे वळताना उजवा पाय खाली. सायकल आत कलू द्या, अंग तिच्यापेक्षा सरळ ठेवा. नजर वळणाच्या शेवटाकडे हवी. पुढच्या चाकाकडे बघत वळलात तर हँडल तिथेच अडते.

हवेचा दाबही तपासा. दुकानात बरेचदा ४०-५० पीएसआय भरून देतात, तेवढ्यात टायर दगडासारखा होतो. वजन ६५-७० किलो, टायर २.२ इंच आणि आत ट्यूब असेल तर पुढे २६-२८, मागे २८-३० पासून सुरुवात करा. याहून फार कमी केलेत तर दगडावर ट्यूब रिमशी चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात.

याच्याच जोडीला आणखी एक : दगडांतून जाताना पूर्ण पायडल मारू नका. खाली गेलेले पायडल दगडावर आपटते आणि सायकल बाजूला फेकते. अर्धे पुढे, अर्धे मागे असे करत पायडल समांतरच्या आसपास ठेवा.

प्रश्न : वय ४७. सायकल आवडते, पण हात मोडायची धास्ती आहे. पडायचे कसे, हे शिकता येते का?
— होटगी रोड, सोलापूर

उत्तर : येते, आणि आधी तेच शिकावे. तोल गेला की माणूस आपोआप हात ताठ पुढे करतो. सगळे वजन तळहातावर येते आणि मनगट मोडते, नाहीतर धक्का वर चढून कॉलरबोन मोडते. ही उपजत सवय आहे, नुसते वाचून जात नाही. गवतावर सराव करावा लागतो.

पहिला सराव सायकलविना. हिरवळीवर गुडघे टेकून बसा, हनुवटी छातीला लावा, हात कोपरात वाकवून छातीजवळ घ्या आणि खांद्याच्या मागच्या भागावरून तिरपे लोळा, उजव्या खांद्यावरून डाव्या कुल्ल्याकडे. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा. मग उकिडवे बसून, मग वाकून उभे राहून. चक्कर किंवा मानेचे दुखणे असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करा.

दुसरा सराव सायकलवरून उतरण्याचा, आणि आमच्या मते याचाच उपयोग सगळ्यात जास्त होतो. चालण्याच्या वेगात सायकल चालवा, मागचा ब्रेक दाबा, दोन्ही पाय पायडलवरून काढून सीटच्या मागे जमिनीवर उतरा आणि सायकल पुढे जाऊ द्या. खड्या उतारावर अडकलात तर हीच वाट सुरक्षित असते. सायकल आपटली तर आपटू दे, ती धरून ठेवायच्या नादात माणसे तिच्याखाली जातात.

तिसरा, चढावर थांबण्याचा. चढावर दम संपून सायकल थांबते तेव्हा पाय नेहमी चढाच्या बाजूला टेका. उताराच्या बाजूला जमीन खोल असते, पाय पोचेपर्यंत सायकल कलंडलेली असते. सपाट पायडलवर कोणताही पाय तितकाच सहज निघतो, म्हणून दोन्ही बाजूंची सवय करा.

जरा वेगात पडत असाल तर हात हँडलवर राहू देणे त्यांना पुढे ताठ करण्यापेक्षा बरे. पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड वापरा. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर, सपाट बसवा. त्याचे पट्टे कानाखाली जुळावेत. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्या. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो. हँडलच्या टोकांची बुचे रोज बघा. बूच नसलेली उघडी नळी पोटात किंवा मांडीत घुसते.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. पडून तळहात आणि कोपर सोलून आला, जखमेत मुरूम होता. सासूबाईंनी हळद भरली. बरोबर केले का?
— मंगळवेढा

उत्तर : सासूबाईंनी काळजीनेच भरली, पण पुढच्या वेळी नको. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट यांनी खडे आत राहतात आणि जखम तपासता येत नाही. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली निदान पाच मिनिटे जखम धुवा. उरलेले खडे उकळून घेतलेल्या चिमट्याने किंवा ओल्या गॉजने काढा. साबण आजूबाजूच्या कातडीला लावा. मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, न चिकटणारी पट्टी, आणि ती रोज बदला. खपली वाळवण्यापेक्षा जखम ओलसर झाकून ठेवली तर लवकर भरते. लाली पसरली, पू आला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा.

माती-शेणाचा संबंध असलेल्या जखमेत शेवटच्या धनुर्वाताच्या डोसला पाच वर्षे झाली असतील तर पुन्हा इंजेक्शन देतात. सरकारी वेळापत्रकात टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस १० आणि १६ व्या वर्षी आहे. म्हणजे तुमच्या मुलाची पाच वर्षे होत आलेली असणार. लसीचे कार्ड घेऊन लगेच डॉक्टरांना दाखवा.

मनगटाकडेही बघा. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो तिथे दाबून दुखत असेल तर मुका मार समजू नका. तिथले लहान हाड मोडलेले पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो, तोवर हात बांधून ठेवतात.

डोके आपटले असेल तर त्या दिवशी सायकल बंद. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, तेच तेच विचारणे, एका बाजूचा अशक्तपणा, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. मान दुखत असेल तर त्याला उठवून बसवू नका.

प्रश्न : पडल्यापासून त्या एका उतारावर हात गोठतात.
— बाळे, सोलापूर

उत्तर : आधी सायकल तपासा. हँडल चाकाशी काटकोनात आहे का, ब्रेकची लिव्हर जागेवर आहे का, मागच्या गिअरचा हँगर (डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) वाकून आत आला आहे का. वाकला असेल तर हलक्या गिअरमध्ये डिरेलर चाकाच्या तारांत जाते आणि चाक जाम होते. मग तो उतार चालत उतरा, रेघ ठरवा, कुठे ब्रेक सोडायचा तो दगड नक्की करा. पहिले काही दिवस फक्त खालचा तिसरा हिस्सा चालवा, तो सलग पाच वेळा जमला की दहा पावले वरून सुरू करा. दमलेल्या अंगाने शेवटची फेरी मारू नका.

प्रश्न : दर फेरीला पंक्चर. सराटे आणि बाभळीचे काटे. उपाय?
— कुमठे, सोलापूर

उत्तर : टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करता आले तर करा. २९ इंची टायरला ८० ते १२० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) लागते. इथल्या उन्हात ते लवकर वाळते, तेव्हा उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी उघडून बघा. ट्यूबच ठेवायची असेल तर ट्यूबमध्ये सीलंट भरा. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून मोडलेले टोक शोधा. तेच राहून जाते आणि नवी ट्यूबही जाते. सराटे वाटेच्या कडेला दाट असतात, मधल्या चाकोरीतून चाला. शेताच्या बांधावर विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि नान्नजच्या अभयारण्याच्या गवतात तर सायकल घालूच नका. ते माळढोक पक्ष्याचे अभयारण्य आहे आणि धाविकासारखे पक्षी तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालतात. पावसानंतर काळ्या रानात शिरलात तर चिखल फोर्क आणि टायरच्या मधे भरून चाक फिरायचे थांबते. दोन-तीन दिवस मुरमाड भागातच चालवा.