माहितीपट करणाऱ्या दिग्दर्शकाची कारकीर्द प्रत्यक्षात कशी असते?

आयुष्यभर केवळ माहितीपट करणाऱ्या दिग्दर्शकाची वाटचाल कशी होते, असे आपण विचारले आहे. मी आनंद पटवर्धन यांचे उदाहरण देईन, कारण चित्रपट पूर्ण होणे हे अर्धेच काम असते आणि तो लोकांना दाखवता येणे हे उरलेले अर्धे, ही गोष्ट त्यांच्या कारकिर्दीइतकी स्पष्ट मला अन्यत्र दिसलेली नाही.

१९५० मध्ये मुंबईत जन्मलेले पटवर्धन हे स्वातंत्र्यसैनिक अच्युतराव पटवर्धनांचे पुतणे. अमेरिकेत समाजशास्त्र शिकून परतल्यावर त्यांनी जयप्रकाशांच्या बिहार आंदोलनावर पहिला महत्त्वाचा माहितीपट केला. आणीबाणीत त्याची प्रत तुकड्यातुकड्यांनी देशाबाहेर न्यावी लागली. पुढे हा संघर्ष न्यायालयांत गेला. अण्वस्त्रांवरील ‘जंग और अमन’ला चित्रपट परिनिरीक्षण मंडळाने (सेन्सॉर बोर्डाने) अनेक काटछाटी सुचवल्या, त्या मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केल्या. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ १९९५ चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला. तरीही तो दूरदर्शनने दाखवावा यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल यावा लागला. स्वतः छायाचित्रण आणि संकलन करणाऱ्या माणसाची इतकी वर्षे कज्ज्यांत जावीत, याची मला मनापासून खंत वाटते.

मात्र या कारकिर्दीचे खरे बळ माणसांशी टिकवलेल्या नात्यात आहे. मुंबईतील झोपड्या पाडण्याच्या मोहिमांवरील ‘हमारा शहर’ (१९८५) करताना त्यांचा शाहीर विलास घोगरे यांच्याशी परिचय झाला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहा जण मृत्युमुखी पडले आणि त्या दुःखाने घोगरे यांनी काही दिवसांतच गळफास घेतला. पटवर्धनांनी तेव्हापासून चित्रीकरण सुरू केले. भीमगीते, शाहिरी, वस्त्यांतली माणसे आणि रेंगाळणारे खटले टिपत ते चौदा वर्षे चालले, आणि २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. वर्षा-दोन वर्षांत हातावेगळा करायचा असता, तर न्यायाला होणारा विलंब त्यात दिसलाच नसता. पुढे तो वस्त्यावस्त्यांत उघड्यावर पडदा लावून दाखवला गेला.

आपल्याला हे क्षेत्र निवडायचे असेल, तर हे दोन्ही माहितीपट आधी ‘हमारा शहर’ आणि मग ‘जय भीम कॉम्रेड’ अशा क्रमाने पाहावेत.