आरशात दिसत नाही, त्याला साईड कशी देणार?

वाचकांचे प्रश्न : ट्रकवाले आणि कारवाले

या वेळच्या प्रश्नांमध्ये जवळपास निम्मे ट्रकचालकांचे आहेत आणि निम्मे कार व दुचाकी चालवणाऱ्यांचे. दोघांचीही तक्रार एकमेकांविरुद्धच आहे, म्हणून उत्तरे देताना दोन्ही बाजूंची गाडी समोर ठेवली आहे.

प्रश्न : मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीहून घाट चढताना एक ट्रक दुसऱ्याला ओलांडायला निघतो आणि दोघे मैलभर शेजारी शेजारी चालतात. मागे आमची रांग. हे मुद्दाम करतात का? (कारचालक, ठाणे)

बहुतेक वेळा मुद्दाम नसते, हिशेब चुकलेला असतो. पूर्ण भरलेल्या दहाचाकी गाडीचे एकूण वजन 28.5 टनांपर्यंत असू शकते आणि इंजिन साधारण 200 ते 230 अश्वशक्तीचे. म्हणजे टनामागे सात-आठ अश्वशक्ती. तुमच्या छोट्या कारला टनामागे साठ तरी मिळतात. चढावर लोड गाडीचा वेग एकदा पडला की तो परत मिळत नाही, म्हणून पुढच्या हळू गाडीच्या मागे थांबायची ड्रायव्हरची तयारी नसते.

आता ओलांडायला किती वेळ लागतो ते पाहा. दोन्ही गाड्यांची लांबी आणि पुढे-मागे सोडायचे अंतर धरले तर साधारण 65 मीटर जास्तीचे कापावे लागतात. एक गाडी ताशी 35 ने आणि दुसरी 40 ने चालली असेल, तर त्याला पाऊण मिनिटाच्या वर लागते आणि तेवढ्यात अर्धा किलोमीटर रस्ता सरतो. सपाटीवर तर आणखी वाईट. वेगनियंत्रक बसवलेल्या गाड्या 80 च्या पुढे जात नाहीत. 77 ने चाललेल्याला 80 ने ओलांडायचे तर पावणेदोन किलोमीटर लागतात.

म्हणून ट्रकचालकांना आमचे स्पष्ट सांगणे : वेगात दहा किलोमीटरचा तरी फरक नसेल तर गाडी बाहेर काढू नका, चढावर तर नाहीच. आणि ज्याला ओलांडले जात आहे त्याने पाच-सहा सेकंद ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तर मागच्या चाळीस गाड्या सुटतात. हे न करणे हा निव्वळ अडेलपणा आहे. डावी लेन जड वाहनांची, मधली ओलांडण्यापुरती. सर्वात उजव्या लेनमध्ये लोड गाडीचे काही काम नाही.

चौपदरी महामार्गांवर मात्र ट्रक उजवीकडे का चिकटतात याचे कारण वेगळे आहे. तिथे डाव्या लेनमध्ये उलट्या दिशेने येणारी दुचाकी, थांबलेली वडाप (प्रवासी जीप), उसाची ट्रॉली आणि ढाब्यासमोर अर्धी रस्त्यावर उभी केलेली गाडी असते. वजनदार गाडीला दर दोन मिनिटांनी ब्रेक मारून गिअर उतरवायचा कंटाळा येतो. कारण खरे आहे, तरी नियम मोडला तो मोडलाच. कारवाल्यांनी अशा गाडीला डावीकडून काढू नये. ती डावीकडे कधी वळेल याचा नेम नसतो आणि तिच्या डाव्या अंगाला तुम्ही दिसतच नाही.

प्रश्न : मी पुढच्या गाडीमागे अंतर ठेवून चालतो. कारवाले नेमके त्याच जागेत कट मारून घुसतात आणि ब्रेक लावतात. मी काय करायचे? (ट्रकचालक, कराड)

तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. ती जागा रिकामी नसते, तुमच्या ब्रेकची असते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर 80 च्या वेगात कार सुमारे 70 मीटरमध्ये थांबते. त्यातले निम्मे अंतर ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सरते. भरलेल्या ट्रकला 90 मीटर सहज लागतात. शिवाय एअर ब्रेकमध्ये पेडल दाबल्यावर हवा नळीतून चाकापर्यंत पोहोचायला थोडा वेळ जातो. टायर गुळगुळीत, रस्ता ओला किंवा ब्रेक नीट टाईट केलेले नसले तर हा आकडा विसरून जा. टँकर अर्धा भरलेला असेल तर आतले द्रव पुढे उसळते आणि थांबता थांबता गाडीला पुन्हा पुढे ढकलते.

कारवाल्यांसाठी सोपी खूण : ट्रक ओलांडल्यावर त्याचे दोन्ही हेडलाईट तुमच्या आतल्या आरशात पूर्ण दिसेपर्यंत डावीकडे येऊ नका. आल्यावरही वेग उतरवू नका. टोलनाका किंवा वळणाचा फाटा जवळ आला असेल तर ओलांडूच नका, ट्रकच्या मागे राहा. अर्ध्या मिनिटाने काही बिघडत नाही.

तुम्ही काय करायचे? कोणी घुसले की ब्रेकवर उभे राहू नका, पाय उचला आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या धुराची वाट अडवून वेग उतरवणारा) वापरा. दहा-पंधरा सेकंदांत अंतर परत तयार होते. लांब डिपर मारून (हेडलाईटची उघडझाप करून), हॉर्न दाबून त्याच्या बंपरला चिकटण्याचा मोह होतो. पण तो घाबरून ब्रेक मारेल आणि मागून धडकलेला म्हणून प्रश्न आधी तुम्हालाच विचारले जातील. काचेवर डॅशकॅम लावून घ्या, अशा वादात त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : ट्रकने उजवा इंडिकेटर दिला म्हणजे 'ओलांड' की 'मी वळतोय'? (कारचालक, चिपळूण)

दोन्ही. गोंधळ तिथेच आहे. दुपदरी रस्त्यावर मागच्याला साईड देताना आपल्याकडचे बरेच ड्रायव्हर उजवा इंडिकेटर लावतात, काही डावा लावतात. कायद्यातली जुनी खूण हाताची आहे : उजवा हात बाहेर आडवा काढून मागून पुढे अर्धवर्तुळात हलवायचा. बंद केबिनच्या गाड्या आल्या आणि ती खूण मागे पडली.

म्हणून इंडिकेटरवर विसंबून कधीच बाहेर पडू नका. पुढे उजवीकडे फाटा, पेट्रोल पंप किंवा ढाबा आहे का पाहा. असेल तर तो वळणार असे धरा. ट्रक डावीकडे सरकला, वेग थोडा उतरला आणि इंडिकेटर लागला, असे तिन्ही जुळले तर साईड मिळाली असे समजा. तरी समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. ड्रायव्हर त्याच्यापुरते पाहून सांगतो, तुमच्या गाडीचा दम त्याला माहीत नसतो.

डिपरचेही तसेच. समोरून मारलेला डिपर म्हणजे 'तू ये' असा अर्थ आपल्या रस्त्यांवर धरू नका. बहुतेक वेळा तो 'मी येतोय, थांब' असा असतो. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, हा नियम आहे आणि त्यामागे कारण आहे : लोड गाडी चढावर थांबली तर पुन्हा उचलताना क्लच जळतो. उतरणाऱ्या कारने रुंद जागा बघून थांबावे.

प्रश्न : चाकणच्या चौकात डावीकडे वळणाऱ्या कंटेनरच्या शेजारी दुचाकी उभी करायची भीती वाटते. सुरक्षित जागा कोणती? (दुचाकीस्वार, चाकण)

शेजारी नाहीच. भीती अगदी योग्य आहे. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. केबिनच्या डाव्या दरवाजाखाली आणि त्याच्या मागे काही मीटरपर्यंत त्याला काही दिसत नाही. बंपरच्या अगदी पुढे उभे राहिलात तरी उंच केबिनमुळे दिसत नाही आणि ट्रेलरच्या थेट मागे तर नाहीच नाही. खूण एकच : ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसला तरच तुम्ही त्याला दिसता.

वळताना ट्रेलरची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूने कोपरा कापतात. म्हणून ड्रायव्हर आधी उजवीकडे रुंद घेतो. डावीकडे जागा मोकळी झालेली दिसते आणि दुचाकीवाले तिथे शिरतात. ती जागा मागच्या चाकांची असते. सिग्नलला कंटेनरच्या मागे, थोडे उजवीकडे, आरसा दिसेल असे थांबा. आधीच पुढे असाल तर चार-पाच मीटर तरी अंतर ठेवा.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर रात्री उभ्या ट्रकवर गाड्या आदळतात. वेगमर्यादेतच गाडी असून दिसत कसे नाही? (कारचालक, छत्रपती संभाजीनगर)

लो बीमचा प्रकाश धड 40-50 मीटर पडतो. 120 च्या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर जाते आणि थांबायला 130 मीटर लागतात. म्हणजे उभा ट्रक दिसला तेव्हाच उशीर झालेला असतो. लो बीमवर 50 मीटरमध्ये थांबायचे तर वेग 65 च्या आसपास हवा. पुढे गाडी नसेल आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जात नसेल तर हाय बीम लावा, नाही तर वेग उतरवा. चालणाऱ्या ट्रकचीही मर्यादा 80 आहे. 120 ने जाताना तुम्ही दर सेकंदाला 11 मीटरने त्याच्या जवळ जाता, हे लाल दिव्यांकडे बघून पटकन उमगत नाही.

ट्रकचालकांची जबाबदारी इथे मोठी आहे. लेनमध्ये किंवा साईडपट्टीवर झोपायला गाडी लावणे अक्षम्य आहे. बिघाडच झाला तर चारही इंडिकेटर चालू करा आणि रिफ्लेक्टर त्रिकोण मागे निदान शंभर पावलांवर ठेवा. दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवू नका. त्या रात्री दिसत नाहीत आणि गाडी निघून गेल्यावर तिथेच राहतात. मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. धुळीने माखलेली पट्टी नसल्यासारखीच.

मालकांनाही एक सांगायचे आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात (2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. माल पोचवायची वेळ ठरवताना हे तास मोजले, तर साईडपट्टीवर झोपायची वेळ येणार नाही.

प्रश्न : नवले पुलाच्या उतारावर ट्रकचे ब्रेक फेल कसे होतात? आम्ही पुढे असताना काय करावे? (कारचालक, पुणे)

नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. 20 नोव्हेंबर 2022 ला याच उतारावर एका ट्रकच्या धडकेत चाळीसहून अधिक वाहने सापडली होती. 'ब्रेक फेल' म्हणतात, पण स्प्रिंग ब्रेक असलेल्या गाड्यांमध्ये हवा पूर्ण गेली तर मागची चाके आपोआप जाम होतात. बहुतेक वेळा फेल होतो तो ड्रम-लायनर, म्हणजे चाकातला ड्रम आणि त्यावर घासून गाडी थांबवणारा लायनर. उतारभर पाय ब्रेकवर राहिला की ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते, जळका वास येतो, धूर निघतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

याचे मूळ न्यूट्रल. डिझेल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, काही जण इंजिनही बंद करतात. इंजिन बंद केले की कॉम्प्रेसर हवा भरत नाही, पॉवर स्टिअरिंग जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय बचत होतच नाही : नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल पूर्ण बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहते. ज्या गिअरने चढ चढलात त्याच गिअरने उतरा, गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. ब्रेक सतत घासत ठेवू नका, थोडा वेळ दाबून वेग उतरवा आणि सोडा.

तुम्ही पुढे असाल तर आरशात लक्ष ठेवा. सलग हॉर्न, लागून राहिलेला हेडलाईट, चाकांतून धूर दिसला की त्याची लेन सोडा, त्याच्यापुढे पळायचा प्रयत्न करू नका. कोंडीत थांबताना पुढच्या गाडीची मागची चाके दिसतील इतके अंतर ठेवा, म्हणजे बाजूला निघायला जागा राहते.

प्रश्न : अपघात झाला की लोक ड्रायव्हरलाच मारतात, चावी काढून घेतात. थांबलो तर मार, पळालो तर दहा वर्षे. काय करावे? (ट्रकचालक, नाशिक)

दहा वर्षांची शिक्षा म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम 106(2). जानेवारी 2024 मधला ट्रकचालकांचा संप त्यावरूनच झाला. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम लागू करण्यात आले नाही. त्यातही शिक्षा आहे ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाण्याला. मोटार वाहन कायद्याचे कलम 134 मात्र लागू आहे. जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर त्यातून सूट आहे. पोलिसांना कळवण्यातून सूट नाही : जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत.

जमलेल्या लोकांना चावी काढायचा किंवा हात उगारायचा कोणताही अधिकार नाही. कारवाल्यांनीही जागेवर रोख रक्कम मागू नये. तिसऱ्या पक्षाचा विमा त्यासाठीच असतो, आणि पंचनामा नसेल तर तो दावा लंगडा पडतो.

धडक बसली की आधी 112 आणि 108 लावा. जमाव नसेल तर खाली उतरा, गाड्या हलवण्याआधी लेन आणि चाके दिसतील असे चार फोटो काढा. जमाव चालून येत असेल तर केबिन आतून बंद करा, 112 वर जागा आणि गाडीचा नंबर सांगा. निघावेच लागले तर 112 वरच 'अमुक ठाण्यात जातो आहे' हेही सांगा, कॉलची नोंद राहते. ठाण्यात गेल्यावर आधी स्टेशन डायरीत वेळेसह नोंद करून घ्या. मालकाला फोन त्यानंतर.