पांढऱ्या धुराला घाबरून हेड उतरवू नका

भाऊ, तुम्ही सांगितलेलं आधी एकदा मांडतो, म्हणजे माझ्याकडून चुकायला नको. २००४ ची ४०७, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, डिझेल पंप मेकॅनिकल. रोज पहाटे वाशी मार्केटहून भाजी भरून दादरला. पहिल्या सेल्फला पांढरा धूर येतो, दहा मिनिटं राहतो, तेवढा वेळ गाडी मिस मारते (एखादा सिलिंडर पेटत नाही), गरम झाली की धूर विरळ होतो. वर आठवड्याला लिटरभर पाणी रेडिएटर पितो. फिटर म्हणतो, "गॅस्केट गेलं, हेड उतरवू." हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालचं पॅकिंग.

असेलही गेलं. पण हीच दोन लक्षणं माझ्या ७०९ ट्रकला एकत्र आली होती आणि मी फिटरच्या बोलण्यावर हेड उतरवून बसलो. हेड मशीन शॉपला जाऊन फेस मारून (खालची बाजू सपाट घासून) आलं, नवं गॅस्केट पडलं, चार दिवस गाडी उभी. पाचव्या दिवशी सेल्फ मारला तर तोच धूर, तसाच. शेवटी निघालं काय, तर एक नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारा) गळत होता आणि पाणी वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब थेंब जात होतं. दोन वेगळे आजार, आम्ही एकच समजून ऑपरेशन केलं. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: धूर डिझेलचा की पाण्याचा, हे कळल्याशिवाय पान्ह्याला हात लावायचा नाही.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा सतराएक पट दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारा पडला की डिझेल आपोआप पेटतं. दाब कमी पडला, फवाऱ्याऐवजी धार पडली किंवा डिझेल उशिरा आलं, तर ते पेटत नाही. नुसती वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. तोच पांढरा धूर. दुसरा पांढरा धूर म्हणजे सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याची वाफ. (निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. तो तुमचा विषय नाही.)

व्हिडिओंमध्ये सगळे सांगतात, पाण्याच्या धुराला गोडसर वास येतो. येतो ना, पण कूलंटचा, म्हणजे रेडिएटरात घालायच्या रंगीत पाण्याचा! आपल्याकडे अर्ध्या गाड्यांत नळाचं नाहीतर बोअरचं पाणी असतं, त्याला कसला गोड वास येणार? त्यामुळे वासावर पूर्ण भरवसा ठेवू नका. मी पुठ्ठा धरतो. मिठाईच्या खोक्याची कोरी बाजू, सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब, अर्धा मिनिट. मग तो पुठ्ठा टपावर वाळत ठेवायचा. पाणी असेल तर वाळून जातं, फार तर काजळीचे ठिपके राहतात. डिझेल असेल तर भज्यांच्या कागदासारखा तेलकट डाग राहतो आणि नाकाशी धरला की समजतंच. शिवाय डिझेलचा धूर गल्लीत रेंगाळतो, मागे उभ्या माणसाचे डोळे चुरचुरतात. पाण्याची वाफ तुलनेने लवकर विरते. सायलेन्सरमध्ये रात्री साठलेला दमटपणा मिनिट-दोन मिनिटं निघतो, तो मोजायचा नाही; चौथ्या-पाचव्या मिनिटाला पुठ्ठा धरा.

धूर गरम झाल्यावर कमी होतो आणि तोवर गाडी मिस मारते, हे वाचून माझा कल डिझेलकडे आहे. तसं निघालं तर आधी स्वस्तातलं बघा. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, दहा मिनिटं ठेवा. खाली पाण्याचा थर दिसला तर पंप आणि नोझल दोघांचं आयुष्य कमी होतंय. टाकी धुवून घ्या. पावसाळ्यात हे फार होतं. एकदा आमच्या नेहमीच्या पंपावरच्याच डिझेलमधून बाटलीभर पाणी निघालं होतं. मग लाइन एअर घेते का ते बघा: उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्नच्या पाइपात हातभर पारदर्शक नळी जोडा, गाडी चालू असताना बुडबुडे धावताना दिसले तर कुठेतरी वॉशर नाहीतर नळी हवा ओढतेय.

हे दोन्ही साफ असेल तर नोझल. गाडी धूर टाकत असताना, आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता), एकेका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करायचा. चांगला सिलिंडर बंद पडला की इंजिन लगेच लंगडतं. ज्याचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, आणि धूर मात्र कमी होतो, तोच चोर. खाली फडकं धरा, पण बोट कधीही धारेसमोर नेऊ नका. या नोझलचा दाब दोनशे बारच्या वर असतो, डिझेल कातडीत घुसतं आणि वरून टाचणी टोचल्यासारखंच दिसतं. तसं झालं तर दुखण्याची वाट न बघता थेट हॉस्पिटल. आणि कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल गाडीवर हा प्रयोग अजिबात नाही, तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो.

सापडलेला नोझल डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे टेस्टरवर लावून समोर उभं राहून बघा. चांगला नोझल धुकं सोडतो, कुरकुरतो आणि टोक कोरडं राहतं. टोकाला थेंब लोंबला की बाद. बसवताना तांब्याचा वॉशर नवा टाका, जुनाच ठोकून बसवणारे महाभाग आहेत. चारही नोझल ठीक निघाले आणि गाडी वाशीच्या खाडीपुलावर चढताना दमते, आवाज बोथट येतो, असं असेल तर टायमिंग मागे आहे, म्हणजे डिझेल उशिरा फवारलं जातंय. मध्ये कुणी पंप उतरवला होता का, आठवून बघा. पंपाच्या गिअरची खूण एक दात जरी हुकली तरी हा खेळ होतो. त्यानंतरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब. ऑइलचं झाकण उघडल्यावर भपाभप धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा संपल्या आहेत, मग इंजिन बांधायचा विषय काढा.

पाण्याचं वेगळं तपासा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा. सुरुवातीला हवा निघाली तर ठीक, पण सतत बुडबुडे फुटत राहिले, किंवा झाकण लावून दोन मिनिटांत, पाणी तापायच्या आधीच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक झाला, तर गॅस्केट किंवा हेडला चीर. फिटर बरोबर होता. बुडबुडे नसतील तर वॉटर पंपाखाली रात्री पुठ्ठा पसरून ठेवा. होज क्लिप आणि रेडिएटरचं झाकणही बघा. झाकणाचा रबर गेला तरी पाणी उडतं. हेड बदलायचीच वेळ आली आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं आणलंत, तर मशीन शॉपमध्ये प्रेशर टेस्ट केल्याशिवाय बसवू नका. केसाएवढी चीर नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी ऑइलची पट्टी बाहेर काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, पातळी वर चढलेली असली किंवा सेल्फ अर्ध्यात अडकला, तर पुन्हा मारू नका. पिस्टनवर पाणी साठलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढूनच न्या, गिअरमध्ये टाकून धक्का मारायचा तर विचारही नको.