पोचलीस का?

«वय 49, राहायला कोथरूडला. मुलगी हिंजवडीला नोकरी करते, स्कूटरनं जाते-येते. ती दाराबाहेर पडली की माझ्या मनात नको नको ते सुरू होतं. ती पोचेपर्यंत माझे तीन-चार फोन होतात. रात्री अडीचला जाग येते ती पहाटेपर्यंत. मिस्टर पाहुण्यांसमोर म्हणतात, ‘घरात चिंतामणी असताना थेऊरला कशाला जायचं?’ सगळे हसतात, मीही हसते, पण लागतं. सिंहगड रोडच्या जिवलग मैत्रिणीला भेटून दोन वर्षं झाली, वेळच मिळत नाही. मी आता अशीच राहणार का?»

ताई, नमस्कार.

अशाच राहणार नाही. तुमच्या पत्रात जे आहे त्यातलं बरंचसं सवयीनं घट्ट झालेलं आहे आणि सवय सुटते.

आधी फोनचं बघू, कारण तिथे मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे. भूमकर चौकाच्या गर्दीत खिशातला फोन वाजला की ती एक तर तो घ्यायला बघणार, नाही तर ‘आईचाच असणार’ म्हणून वैतागणार. दोन्हींत रस्त्यावरचं लक्ष उडतं. शिवाय फोन झाल्यावर तुम्हाला बरं वाटतं ते दहा मिनिटं. तेवढ्यात मन शिकतं की भीती वाटली की फोन करायचा. मग पुढची भीती आणखी लवकर येते.

तिच्याशी बसून ठरवा, हुकूम सोडू नका. निघताना पार्किंगमधून ‘निघाले’, पोचल्यावर ‘पोचले’. मधे एकही फोन नाही. सकाळचा ‘पोचले’ हमखास राहतो, कारण ऑफिसात शिरलं की कामं अंगावर येतात. तेव्हा स्कूटर स्टँडला लावून हेल्मेट काढलं की लगेच, लिफ्टमध्ये शिरायच्या आधी निरोप. लिफ्टमध्ये रेंज जाते. आठवडाभर तिला खरोखर किती वेळ लागतो ते लिहा आणि सगळ्यात वाईट दिवसाचा वेळ धरून वर अर्धा तास द्या. समजा ती संध्याकाळी 6.40 ला निघाली आणि सगळ्यात वाईट दिवशी 1 तास 10 मिनिटं लागली होती, तर 8.20 पर्यंत उशीर झालाच नाही असं धरायचं. पावसात आणखी अर्धा तास. 8.20 नंतर एक फोन. उचलला नाही तर पंधरा मिनिटं थांबून तिच्या एखाद्या सहकाऱ्याला करा, तो नंबर आजच घेऊन ठेवा. ती निरोप विसरली तर घरी आल्यावर रागावू नका. निरोपाबरोबर बोलणीही खावी लागली तर आठवड्यात निरोप बंद होतील.

आता दिवसभराच्या काळज्या. ‘काळजी करू नकोस’ हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल आणि त्याचा उपयोग झाला नसेल, कारण विचार दाबला की तो परत येतो. त्यापेक्षा काळजीला वेळ नेमून द्या. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हा उपाय मांडला, आजही समुपदेशक तो देतात. रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा, एकाच खुर्चीवर. पलंगावर नाही, देवघरासमोर नाही, जिथे टीव्ही बघता त्या सोफ्यावरही नाही, नाही तर ती जागाच काळजीची होते. दिवसभरात काही मनात आलं की चिठ्ठीवर तीन-चार शब्द लिहायचे, ‘टायर गुळगुळीत’, ‘सासूबाईंची शुगर’, आणि हातातलं काम पुढे न्यायचं. साडेपाचला वही उघडून पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आपल्या हातातलं, उजवीकडे हाताबाहेरचं. डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे एकच कृती आणि वार: ‘टायर बदलणे, शनिवारी, कर्वे रोडचं गॅरेज’. उजवीकडचं फक्त लिहायचं आणि सहाला वही मिटायची.

बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी फसतात. बरं वाटायला लागतं आणि वही मागे पडते. दोन आठवडे नेटानं करा. पहिल्या आठवड्यात काळज्या वाढल्यासारख्या वाटतील. त्या आहेत तेवढ्याच असतात, फक्त कागदावर दिसायला लागतात. महिन्यानं मागची पानं काढून खरं झालेल्या ओळीवर खूण करा. हे जरूर करा. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अतिकाळजीचा विकार असलेल्यांनी लिहिलेल्या काळज्या पुढे महिनाभर तपासल्या, तर 91 टक्क्यांच्या आसपास खऱ्या ठरल्याच नाहीत. अभ्यास लहान होता, 29 जणांचा. पण तुमच्या वहीचा आकडा तुमचा स्वतःचा असेल, आणि मन त्यावरच विश्वास ठेवेल.

रात्री अडीचला जाग येते त्यासाठी घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की पलंगावरून उठायचं, मंद दिव्यात एखादा जुना दिवाळी अंक चाळायचा आणि झोप आली की मगच परत पडायचं. मोबाइल नाही. शेवटचा चहा चारचा. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा अर्धा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो.

मिस्टरांचं थोडं नाजूक आहे. ते दुष्टपणानं बोलत नसावेत. दुसऱ्याच्या भीतीचं काय करायचं हे न कळणारी माणसं विनोद करतात. पण तुम्ही घाबरलेल्या असताना केलेला विनोद तुमच्यावरचाच होतो, आणि पाहुण्यांसमोर तर तुम्ही एकट्या पडता. हे त्या क्षणी सांगू नका, दोघंही चिडाल. रविवारी सकाळी चहाच्या वेळी सांगा: «मला काळजी वाटत असेल तेव्हा माझ्यावर विनोद नको, लोकांसमोर तर नकोच. मी स्वतः हसायला लागले की तुम्हीही हसा.» आणि त्यांना एक काम द्या. तुमचा जीव वरखाली झालेला दिसला की त्यांनी एवढंच विचारायचं, «चिठ्ठीवर लिहिलंस का?» आजवर तुम्ही उगाच हसून साजरं केलंत, म्हणून त्यांना कळलंच नसेल की लागतं. यापुढे लागलं तर हसू नका.

घरातलं हसणं मात्र जाऊ देऊ नका. हसण्याचा अभ्यास केलेल्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांना दिसलं की माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीस पट जास्त हसतो, आणि तेही बहुतेकदा विनोदावर नाही, साध्या बोलण्यावर.

डॉक्टरांकडे एकदा जाच. या वयात पाळी जाण्याच्या सुमारास रात्री जाग येणं, घाम, छातीत धडधड हे होतं, आणि थायरॉइड बिघडलं तरीही होतं. टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. सहा महिन्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस असंच चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

राहिली मैत्रीण. सगळं आवरून, निवांत, दिवसभर भेटायचं म्हणून तुम्ही दोघी थांबलात आणि दोन वर्षं गेली. तसा दिवस मिळत नाही. पाऊण तास मिळतो. पर्वती तुम्हाला दोघींनाही फार लांब नाही, 103 पायऱ्या आहेत, बोलत बोलत चढा आणि साडेआठला घरी या. महिन्यातला पहिला शनिवार कायमचा ठेवा, म्हणजे दर वेळी ‘कधी जमेल?’ विचारावं लागणार नाही. एकीला जमलं नाही तर तारीख बदलायची नाही, पुढच्या महिन्यात भेटायचं. तारखा बदलत गेल्या की भेट बारगळते. तिला आज, पत्र वाचून झालं की लगेच, एवढाच निरोप पाठवा: «पहिल्या शनिवारी सकाळी सात, पर्वतीच्या पायथ्याशी. चहा माझ्याकडून.»