थंडीतली भूक की हावरटपणा?

"माझं पोट आहे की कणगी? डिंकाच्या लाडवांचा डबा दोन दिवसांत संपतो. सासूबाई म्हणतात, मनावर ताबा नाही. मॅडम, मी हावरट झालेय का?"

निफाडकडच्या द्राक्षबागायतदार ताई. जानेवारीत तिथे पारा घसरला की द्राक्षमण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या. ताई चारला उठून, चहाच्या घोटावर बागेत.

काय खाता, हे मी विचारलंच नाही. कधी खाता, हे विचारलं. बागेत भूक लागते?

"छे! तिथं भुकेची आठवणच नसते. दहा-अकराला घरी आले, की हात थेट डब्यात."

हेच ऐकायचं होतं. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या ली ये यांच्या गटाने उंदरांना ४ अंश सेल्सिअस थंडीत ठेवून पाहिलं. अंग ऊबदार ठेवायला त्यांची ऊर्जा लगेच जास्त जळू लागली. पण ते अन्न शोधायला निघाले जवळजवळ सहा तासांनी. म्हणजे गारठा लागला की भूक, असं सरळ नातं नाही. आधी खर्च होतो, मग मेंदू तूट भरायला लावतो. त्याच सुमाराला मेंदूतल्या थॅलॅमस या भागाच्या मध्यावरचा झायफॉइड न्यूक्लियस हा पेशींचा पुंजका जागा होताना दिसला. तो मुद्दाम चेतवला, तर थंडीतले उंदीर अन्नासाठी अधिक धडपडायचे. उबेत मात्र काही फरक नाही. मला यातलं हेच सगळ्यात बोलकं वाटतं.

अर्थात उंदीर तो उंदीर. सहा तासांचा हिशोब मी ताईंना चिकटवला नाही. खबरदारी म्हणून रक्तातली साखर तपासून घेतली, ती ठीक निघाली.

मग ठरलं ते असं: निघताना अर्धी बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी, कान आणि पाय झाकलेले, आठच्या सुमाराला बांधावरच दुसरी न्याहारी. रात्री रजईत बसून टीव्हीपुढे खाल्लेले लाडू मात्र थंडीच्या खात्यावर टाकता येणार नाहीत, हेही सांगितलं. त्यावर ताई पहिल्यांदा हसल्या.

तीन आठवड्यांनी फोन आला. डबा आता आठवडाभर पुरतो. आणि पहाटेची भाकरी सासूबाईच थापतात, चुलीपुढे त्यांनाही तेवढीच ऊब.