रोजच्या कंबरदुखी-मानदुखीवर गोळ्यांऐवजी कायरोप्रॅक्टिक करून पाहावे का?

कंबरेसाठी जरूर पाहावे. मानेच्या बाबतीत मात्र मी सावधगिरीचाच सल्ला देईन.

डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या या पद्धतीत मणक्यांच्या सांध्यांवर हाताने नेमका आणि झटपट दाब दिला जातो. त्या वेळी येणारा ‘कट्’ असा आवाज हाड जागेवर बसल्याचा आहे असे अनेकांना वाटते, परंतु तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्यामुळे येतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी शेक, मालिश, व्यायाम आणि मणक्यांवरील असे हस्तोपचार सुचवले आहेत. मानेला झटका दिल्यानंतर मात्र मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या, क्वचित का होईना, नोंदी आहेत.

दुखणे मुळात उद्भवू नये यासाठी बसण्याकडे लक्ष द्यावे. काम करताना हनुवटी नकळत संगणकाच्या पडद्याकडे सरकते, खांदे कानांकडे चढतात आणि मानेमागचे स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात. म्हणून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर ठेवावी आणि दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. दुखू लागल्यावर अंथरुणाला खिळून राहिल्याने कंबर उलट अधिक आखडते.

पायांतील ताकद कमी होणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवीवरील ताबा सुटणे, ताप किंवा अपघातानंतरचे दुखणे असल्यास कोणताही घरगुती उपाय न करता तातडीने डॉक्टरांकडे जावे.